उघडून दाखवल्याशिवाय

मामा, तुमचं एक काम अर्धं राहिलं होतं. ते मी पुरं केलं. नीट झालं की नाही, हे फक्त तुम्हालाच सांगता आलं असतं.

तुमच्यामागचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुलतानपूरचे ते ट्रॅक्टरवाले आले. तेच, ज्यांना तुम्ही ‘शेठ’ म्हणायचात आणि जे दर वेळी ‘कायचा शेठ, घेऊन बसले’ म्हणून हसायचे. दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. ते आत आले नाहीत. बाहेर उभे राहून मामींना म्हणाले, “वहिनी, बॅटरीचं राहू द्या. मी नवी पाहून घेईन. मी तं तुमाले भेटाले आलो.”

मामी म्हणाल्या, “थांबा जरा.” मग माझ्याकडे वळल्या. “यायनं शब्द देल्ला होता त्यायले. उघडून दाखवतो म्हनलं होतं. तू दाखव.”

मी मामींकडे बघतच राहिले. दुसरबीडच्या त्या रस्त्याकडेच्या दुकानात मी माझ्या सगळ्या सुट्ट्या काढल्या, पण एकाही गिऱ्हाइकाशी स्वतःहून बोलले नव्हते. उलट्या क्रेटवर बसून इंग्रजी पुस्तक वाचणारी लोणारची भाची, एवढीच माझी ओळख. “ही पोरगी बोलत नाही का हो?” असं कुणी विचारलं की तुम्ही डोकं वर न करता सांगायचात, “बोलते ना. इंग्रजीत बोलते. चालन का तुले?” तुम्ही मला कधी ‘बोल ना, लाजतेस काय’ म्हणाला नाहीत. घरीदारी, शाळेत, पाहुण्यांत, असं न म्हणणारे तुम्ही एकटेच होतात. त्यासाठी मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण आभार मानायलाही बोलावं लागतं.

तुम्ही मला बोलायला नाही, ऐकायला शिकवलंत. मी सात-आठ वर्षांची असेन. ट्रॅक्टरची एक बॅटरी चार्जिंगला लावली होती. वरची सहा बुचं तुम्ही काढून ठेवलीत आणि म्हणालात, “कान लाव. पन तोंड दूर ठेव.” आतून बारीक आवाज येत होता, भात शिजत आल्यावर येतो तसा. तुम्ही म्हणालात, “सहा खाने हायेत. पाच बोलून राह्यले. गप कोनता हाय, सांग.” मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. “थोच मेला,” तुम्ही म्हणालात. “लोकायले उलटं वाटते. म्हनते, पाहा, हा किती थंड हाय, पानीबी उडवत नाही. थोच आतून जोडल्या गेला असते. वीज येते आन् तशीच निंगून जाते. भरतच नाही.”

मी विचारलं होतं, “म्हणजे गप्प राहणं वाईट असतं का?”

तुम्ही हसलात. “बॅटरीत वाईट. तुह्यात नाही.”

हे वाक्य मी पुण्यापर्यंत सोबत नेलं. कुठल्याही नव्या वर्गात, नव्या खोलीत, सगळे ओळख करून देत असताना मी ते मनात म्हणत असे.

नव्या सीलबंद बॅटऱ्या आल्या तेव्हा तुम्हाला त्यांचा राग आला होता. त्यांना बुचंच नसतात. “ऐकाव कुठून मंग?” असं तुम्ही त्या बॅटरीलाच विचारायचात. एकदा तुम्ही लोणारला आमच्याकडे आलात आणि मला घेऊन सरोवरावर गेलात. बाकीचे लोक देवळं बघत होते आणि तुम्ही खिशातून बॅटरीचं पाणी मोजायचा काटा काढून सरोवराचं पाणी मोजत होतात. मी लाजेनं दूर जाऊन उभी राहिले. एक बाटली तुम्ही दुकानात नेलीत आणि बॅटरीतलं तेजाब सांडलेल्या फरशीवर ते पाणी ओतलंत. फरशी फसफसली. “पाह्य माय, तुह्या गावाचं पानी माह्या तेजाबाले भारी पडलं.” रसायनशास्त्र मला शाळेत नंतर भेटलं.

आणि तुमचा तो नियम. उघडून दाखवल्याशिवाय मेली म्हणायचं नाही. त्या रस्त्यावरचे बाकीचे लोक बॅटरीला दोन तारा लावून ‘गेली, नवी घ्या’ म्हणत. तुम्ही मालकाला समोर बसवायचात. तेजाब काढून, धुऊन, वरचं झाकण करवतीनं कापून, प्लेटांचा गठ्ठा गोणपाटावर ठेवायचात आणि एकेक प्लेट, मधली एकेक जाळी सुटी करायचात. मग बोट ठेवायचात, “हे पाह्य. इथून गेली.” मालक उकिडवा बसून पाहायचा आणि कशावरच वाद घालायचा नाही. मी एकदा म्हटलं, मामा, तो येईपर्यंत उघडून तरी ठेवा, वेळ वाचेल. तुम्ही मान हलवलीत. “आधी पाहून ठेवलं तं थे सांगनं झालं. दाखवनं नाही झालं. त्याच्यासंगं आपनबी पयल्यांदाच पाह्याव.”

अशाच एका गोणपाटावर मी त्या मुळ्या पाहिल्या. दोन प्लेटांच्या मधल्या जाळीतून शिशाचा एक करडा ठिपका आरपार गेलेला. तुम्ही सांगितलंत की बॅटरी पार उतरू दिली आणि मग घाईनं भरली की शिशाला अशा मुळ्या फुटतात, आणि एखादी मुळी जाळी फोडून पलीकडच्या प्लेटीला लागली की खेळ संपला.

पुढे मी पुण्यात लिथियम धातूच्या बॅटऱ्यांवर काम करायला लागले आणि पहिल्याच महिन्यात सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर त्याच मुळ्या पाहिल्या. तुम्हाला फोन केला. तुम्ही इतके खूश झालात की मामींना हाक मारून म्हणालात, “अवं, तिच्या साहेबी बॅटरीलेबी मुळ्याच फुटतात!” मग मला सगळं विचारून घेतलंत. मी सांगितलं की लिथियमच्या बॅटरीत हलक्या जागेत खूप वीज मावते, म्हणून सगळं जग तिच्या मागे आहे. चार्ज करताना लिथियम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, आणि तिथे त्याने सपाट थर होऊन बसायला पाहिजे. पण तो बसत नाही. जिथे थोडा उंचवटा असेल तिथेच अजून जाऊन चिकटतो. उंचवटा वाढतो, म्हणून तिथे आणखी येतो. शेवटी सुईसारखा, झाडासारखा वाढून जाळीतून पार होतो.

“म्हंजे सारवाले पाठवलं आन् थे ढेकळं करून राह्यलं,” तुम्ही म्हणालात.

“तसंच.”

“आन् जिथं पंगत बसली दिसली तिथंच सगळे घुसून राह्यले.”

माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी ही दोन वाक्यं कधी सांगितली नाहीत. सांगायला हवी होती. पुण्यातल्या चार वर्षांत मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं की तुम्ही कोण आहात. ‘मामा बिझनेस करतात,’ असं म्हणायची. तुमचा फोन आला की प्रयोगशाळेतून बाहेर पडून जिन्याखाली जाऊन बोलायची, आणि तुमच्या वऱ्हाडीला पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायची. तुमच्या लक्षात आलं नसेल असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

आता त्या भांडणाकडे येते. त्याला भांडण तरी कसं म्हणू? तुम्ही तर भांडलाच नाहीत.

मुळ्या थांबाव्यात म्हणून मी जाळीवर एक पातळ लेप देऊन तीन सेल बांधले होते. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढे. बिनलेपाच्या सेलांच्या व्होल्टेजचा आलेख हळूहळू वर चढायचा आणि एके दिवशी धाडकन पडायचा. या तिघांचा चढलाच नाही. उलट थोडा खाली येऊन सरळ रेषेत राहिला, आठवडेच्या आठवडे. मॅडम म्हणाल्या, पेपर लिहायला घे. पहिलं नाव माझं असणार होतं. मी जिन्याखाली येऊन तुम्हाला फोन केला.

“गप हाय म्हंते?” तुम्ही विचारलंत.

“हो. एकदम शांत.”

“बाकीच्या चढतात, आन् ही चढतच नाही?”

“नाही. म्हणून तर.”

तुमच्या मागे एक ट्रक गेलेला ऐकू आला. मग म्हणालात, “उघडून पाह्यली का माय?”

“चालू आहे मामा. चालू सेल कसा उघडणार? उघडला की संपला.”

“किती लावल्या तशा?”

“तीन.”

“मंग एक उघडली तं दोन राह्यतात ना.”

आणि मी म्हटलं, “मामा, हे लेड-अ‍ॅसिड नाहीये.”

शब्दांत काही नव्हतं. खरंच ते लेड-अ‍ॅसिड नव्हतं. पण तो सूर मला ऐकू आला. ज्या खोल्यांमध्ये लोक माझ्याशी त्या सुरात बोलतात, त्या खोल्यांमधून मी तो उचलला होता आणि पहिल्यांदा वापरला तो तुमच्यावर.

“हाव,” तुम्ही म्हणालात. “थेबी खरंच हाय. मले काय समजते त्यातलं.”

ते टोमणा मारून म्हणाला असतात तर मी लगेच माफी मागितली असती. तुम्ही ते साधं, खरं मानून म्हणालात. मग विचारलंत, जेवली का, आणि फोन ठेवलात.

त्यानंतरच्या रविवारी मी फोन केला, त्याच्या पुढच्याही. कसे आहात, बरं हाय. दुकान कसं आहे, बरं हाय. तुमची थट्टा थांबली होती. सेलबद्दल तुम्ही पुन्हा एकदाही विचारलं नाहीत. मला वाटलं, रागावले असतील, निवळेल. खरं सांगू, थोडं सोपंही वाटलं. बोलावं लागत नव्हतं.

मामींनी नंतर सांगितलं की तुम्हाला दम लागत होता. दुकानात चार पावलं चाललात की क्रेटवर बसावं लागत होतं. माझ्या क्रेटवर. बॅटरी उचलायला तुम्ही गिऱ्हाइकालाच सांगायला लागला होतात आणि वर त्याची मस्करी करत होतात, म्हणजे कुणाला कळू नये. “तिले नको सांगू,” तुम्ही मामींना म्हणाला होतात, “तिचं लिहिनं चालू हाय.”

मामा, माझं कामच मोजणं आहे. रेषा वर गेली की खाली आली, हे मी दिवसभर बघते. तुमची रेषा सरळ झाली आणि मी ती वहीत ‘स्थिर’ म्हणून लिहून ठेवली. हे वाचून तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. म्हणाला असतात, “मानसाले बुचं नसतात माय.” मला धीर द्यायला म्हणाला असतात. पण नसतात म्हणूनच विचारावं लागतं, आणि मी विचारलं नाही.

तर, सुलतानपूरची बॅटरी.

तुमचे रबरी हातमोजे घातले. बोटं अर्धी रिकामी राहिली. बॅटरी चार्जिंगला लावून सहा बुचं काढली आणि आम्ही तिघं गप्प बसून राहिलो. हळूहळू पाच खाने बोलायला लागले. मी ट्रॅक्टरवाल्यांना विचारलं, “गप कोणता आहे, सांगा.” त्यांनी वाकून ऐकलं. “हा. मधातला.”

मग तुमच्या पद्धतीनं सगळं केलं. तुमच्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. करवत दोनदा अडकली आणि मामींनी न सांगता बॅटरी पायानं दाबून धरली. प्लेटा गोणपाटावर आल्या. एक जाळी, दुसरी जाळी, काही नाही. मनात आलं, आधी एकटीनं पाहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पाचव्या जाळीवर तो होता. करडा, मोहरीएवढा, दोन्ही बाजूंनी.

“हे पाहा. इथून गेली,” मी म्हटलं. “ट्रॅक्टर उभा होता का बरेच दिवस?”

“हाव. दोन-अडीच महिने. टेप चालूच राह्यला होता त्याच्यात, मंग ध्यानातच नाही.”

“पुरी उतरली थे. मंग तुम्ही एकदम भरली. शिशाले मुळ्या फुटल्या.”

ते जाळीकडे न पाहता माझ्याकडे पाहायला लागले. “बोलता की तुमी! आमाले तं हा मानूस सांगे, इंग्रजीतच बोलते म्हून.”

मला हसू आलं. मामींनी तोंड भिंतीकडे केलं आणि फळीवरचे डबे नीट लावायला लागल्या, जे आधीच नीट होते. जाताना ट्रॅक्टरवाल्यांनी ती जाळी मागितली. घरी दाखवतो म्हणाले. वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

त्या रात्रीच्या गाडीनं मी पुण्याला निघाले. पोचल्यावर मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं. न बोलावता मी ते दार आधी कधी वाजवलं नव्हतं.

“मॅडम, तिघांपैकी एक सेल उघडायचाय. तुम्ही समोर हव्यात.”

त्यांनी आधी तुमच्याबद्दल विचारलं, बस म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तू उघडून बघ ना. काही निघालं तर सांग मला.”

“नाही मॅडम. तुम्ही असतानाच.”

सेल उघडायची ती काचेची पेटी तुम्ही फोनवर पाहिली होती. आतली हवा काढून दुसरा वायू भरलेला, बाहेरून दोन रबरी बाह्यांत हात घालून काम करायचं. “नवं जन्मलेलं लेकरू ठेवल्यावानी,” तुम्ही म्हणाला होतात. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी सेल उघडला. पांढरी जाळी चिमट्यानं उचलली. मध्यापासून जरा बाजूला सुईच्या टोकाएवढा काळपट ठिपका होता. उलटी केली. तिकडेही तोच.

मुळी केव्हाच पलीकडे पोचली होती. इतकी बारीक की सेल धाडकन पडला नाही. बरीचशी वीज तिच्यातूनच गुपचूप येत-जात राहिली, आणि आमची रेषा सरळ, शांत, सुंदर दिसत राहिली. लेपानं काहीच थांबवलं नव्हतं.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, “उरलेले दोन?”

“तेही पाहू. पण मला वाटतं, तेही असेच असतील.”

“पेपर थांबवू या,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. “तुला शंका कशी आली?”

मी बाह्यांतून हात बाहेर काढले. “माझे मामा दुसरबीडला बॅटऱ्या दुरुस्त करायचे. जो खाना गप्प राहतो तो मेलेला असतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं होतं मला, उघडून पाहिली का म्हणून.”

“केव्हा?”

“तीन महिने झाले.”

“मग तेव्हा का नाही उघडलीस?”

‘चालू होता’ हे उत्तर तयार होतं. ते दिलं नाही. “मला उघडायचा नव्हता,” मी म्हटलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वही मागवली आणि मला तुमचं वाक्य लिहायला लावलं, तारीख घालून. तुमचं नावही. आडनावासकट.

दुसरा सेलही तसाच निघाला. तिसरा अजून उघडलेला नाही. आता सगळं पहिल्यापासून करायचं आहे, आणि मधून मधून सेल उघडत जायचं आहे. वर्ष तरी जाईल. तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका. लिथियम बुडबुडे सोडून बोलत नाही, त्याचं ऐकायला कान लावून भागत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी शोधावी लागणार आहे. ते लेड-अ‍ॅसिड नाहीच, मामा. एवढं माझं तुम्हाला मान्य करावं लागलं असतं. मी तुमच्याशी नीट भांडले असते, क्रेटवर बसून, मोठ्यानं, आणि तुम्ही बुचं पुसत पुसत मला चिडवलं असतं. ते भांडण राहिलं.

या रविवारी सवयीनं तुमच्याच नंबरवर फोन लावला. मामींनी उचलला. तुमचा फोन त्यांनी बंद केलेला नाही.

“कशा आहात मामी?”

“बरं हाय.”

तेच दोन शब्द, अगदी तुमच्यासारखे. मी जिन्याखाली नव्हते. प्रयोगशाळेच्या दारातच उभी होते, आजूबाजूला सगळे होते.

“बरं म्हंजे कसं?” मी विचारलं. “सकायपासून काय खाल्लं तुम्ही?”

पलीकडे काहीच ऐकू येईना. मी थांबले. मला थांबता येतं.

“नाही खाल्लं,” मामी म्हणाल्या. मग म्हणाल्या की शटर उघडवत नाही. मग म्हणाल्या की उघडल्याशिवायही राहवत नाही, सकाळी उठून तशाच तिथं जाऊन बसतात. मग तुमच्या शर्टांचं सांगायला लागल्या, तेजाबानं भोकं पडलेल्या, ते कुणाला देताही येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मग आणखी काही, आणखी काही. मी तिथेच पायरीवर बसले, फोन कानाला घट्ट लावला, आणि ऐकत राहिले.